तिळाचे वावडे

मराठी भाषेने ज्या शब्दांची फार हेळसांड केली, त्यांत 'वावडे' हा एक शब्द आहे. एखादा पदार्थ एखाद्याच्या प्रकृतीस मानवत नाही, खाल्ला की बाधतो, हा त्याचा मूळचा गंभीर अर्थ. पुढे तो थट्टेच्या हाती सापडला. 'त्याला कामाचे वावडे आहे', 'सूनबाईंना स्वयंपाकघराचे वावडे आहे' असे म्हणता म्हणता त्यातले भय निघून गेले आणि नावड तेवढी उरली. डॉक्टरांकडून आलेला 'ॲलर्जी' हा शब्दही त्याच वाटेने गेला. हल्ली लोकांना पुढाऱ्यांची, पाहुण्यांची आणि सोमवारचीही ॲलर्जी असते. त्यामुळे खरोखरच वावडे असलेल्या माणसाने ते सांगावे कोणत्या शब्दाने, हा प्रश्न उरतो. आमच्या शेजारच्या हिंदीभाषक घरांत 'परहेज' हा शब्द अजून शाबूत आहे. 'बच्ची को परहेज है' म्हटले की वाढणारा हात जागच्या जागी थांबतो. आपल्या 'पथ्या'लाही तसे वजन आहे, पण पथ्य औषधाबरोबर सुरू होते नि औषधाबरोबर सुटते, म्हणून ऐकणारा लगेच विचारतो, "किती दिवसांचं?"

आमच्या नातीला तिळाचे वावडे आहे, आणि ते किती दिवसांचे हे आम्ही उभयता सांगू शकत नाही.

भुईमुगाचे किंवा अंड्याचे असते तर एक वेळ निभावले असते. तीळ म्हटले की मराठी घरातला सबंध पौष-माघ आला. भोगीची तीळ लावलेली भाकरी, तिळकूट घातलेली लेकुरवाळी भाजी, संक्रांतीची गुळाची पोळी, वड्या, लाडू, हलवा, आणि तेथून रथसप्तमीपर्यंत घरोघरची हळदीकुंकवे. इतर सणांना पदार्थ असतात. संक्रांतीला पदार्थ हाच सण असतो. हातावर तिळगूळ ठेवायचा आणि गोड बोलण्याचे वचन घ्यायचे, एवढाच त्याचा विधी. तो हात मागे घेणे म्हणजे वचनच नाकारणे, असा त्याचा अर्थ होतो. कोणी तसे बोलून दाखवो वा न दाखवो.

बालाघाटात हा अर्थ पुण्या-नागपुरापेक्षा अधिक बोचतो. याचे कारण या त्रैमासिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही, तरी दोन ओळी लिहितो. आपली घराणी कोणी भोसल्यांच्या अमदानीत, कोणी इंग्रजी कचेऱ्यांच्या निमित्ताने, कोणी रेल्वे नि शाळांच्या नोकऱ्यांमागे वैनगंगेच्या या खोऱ्यात आली. नागपूर ही ज्या प्रांताची राजधानी त्याच प्रांतात आपला जिल्हा होता, तोवर परकेपणा जाणवण्याचे कारण नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. माणसे हलली नाहीत. सरहद्द मात्र आपल्या दक्षिणेला येऊन बसली. मग शाळेची भाषा बदलली, कचेरीची बदलली, हळूहळू मुलांच्या भांडणाचीही बदलली. जे टिकले ते मुख्यतः देवघरात आणि स्वयंपाकघरात टिकले. आमची नात वाक्याची सुरुवात मराठीत करून शेवट हिंदीत करते. परंतु भोगी कोणत्या दिवशी आणि बोरन्हाण कोणाचे, हे तिला पक्के ठाऊक आहे. तेव्हा मराठीपणाचा जो घास सर्वांत शेवटपर्यंत हाती राहिला, नेमका तोच या मुलीला विष ठरावा, ही गोष्ट आमच्या पिढीला पचायला जड गेली.

प्रसंग सहा वर्षांपूर्वीचा. ती पाच वर्षांची होती. एका परिचितांच्या घरी हळदीकुंकू होते. मुलांच्या हातावर तिळाच्या वड्या ठेवल्या गेल्या. त्याआधी तिने तीळ खाल्ले नव्हते असे नाही. वर्षभरात एक-दोनदा ओठांभोवती लाली आली होती, ती थंडीने फुटली असेल असे सर्वांनाच वाटले. त्या दिवशी अर्धी वडी पोटात गेली असेल-नसेल, तोच ती ओठ चोळू लागली. मग मानेवर आणि पोटावर गांधी उठल्या. जमलेल्या बायकांत एक वयोवृद्ध आजी होत्या. "पित्त उठलंय, आमसूल चोळा" म्हणून त्यांनी लगबगीने आमसुले भिजत घालायला सांगितली. त्यांचा उपाय पिढ्यान्‌पिढ्यांचा आणि माया खरी. पण आमसूल भिजेपर्यंत मुलीला उलटी झाली, आवाज बसला आणि श्वासाबरोबर बारीक शिटी वाजू लागली. मोटारीतून दवाखाना गाठायला दहा मिनिटे लागली असतील. तेथे डॉक्टरांनी काही न विचारता मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन दिले. ती शिटी कमी होत गेलेली आम्ही उभे राहून ऐकली. पुढची सबंध रात्र त्यांनी तिला ठेवून घेतले, कारण असा झटका ओसरून काही तासांनी पुन्हा उसळू शकतो.

दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच शंका काढली, "पण मागच्या वर्षी तर तिने खाल्ले होते!" ही शंका बाळबोध नाही; वैद्यकशास्त्रालाही तिने एकदा चकवले आहे. १९०२ साली शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्रपुष्पाचे विष कुत्र्यांना टोचून पाहिले. अपेक्षा अशी, की पहिल्या मात्रेने प्राण्याला सवय होईल आणि दुसरी मात्रा सोसेल. घडले उलटे. पहिल्यातून वाचलेला कुत्रा काही आठवड्यांनी कितीतरी लहान मात्रेने मिनिटांत मेला. या विपरीत प्रकाराला त्यांनी 'ॲनाफिलॅक्सिस' असे नाव दिले. रिशे यांना त्याबद्दल १९१३ चे नोबेल मिळाले. 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडवला. रक्तातला जो घटक हे सारे घडवतो, तो मात्र १९६६ साली इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत शोधून काढला. निरुपद्रवी अन्नाला शरीर एकदा शत्रू समजले, की हा घटक त्या अन्नाची ओळख धरून पेशींवर दबा धरून बसतो आणि पुढच्या भेटीत त्या पेशी हिस्टामिनसारखी द्रव्ये एकदम सोडून देतात. कातडी सुजते, श्वासनलिका आवळते, रक्तदाब कोसळतो. थोडक्यात, मागच्या वर्षी खाल्ले होते म्हणूनच यंदा झाले. आयुर्वेदाने 'सात्म्य' आणि 'असात्म्य' हा भेद फार पूर्वी केला होता; पण सात्म्य सवयीने वाढवता येते हा जो आपला घरगुती समज, "थोडे थोडे देत जा, अंगवळणी पडेल", तो घरच्या घरी येथे लागू करणे म्हणजे जिवाशी खेळ.

आता समारंभांविषयी. दवाखान्यातली रात्र एकच होती. त्यानंतरची सहा वर्षे आम्ही बैठकीच्या खोल्यांत काढली आहेत.

आपल्या लोकांना आग्रहाशिवाय जेवण वाढता येत नाही. पानावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी सोडणारे वाढपी आपण पाहिले आहेत आणि त्यांचे कौतुकही केले आहे. नकार ही भिडेची पहिली पायरी, तीन वेळा नको म्हटल्यावर चौथ्यांदा घ्यायचे, हा शिष्टाचार आपल्या अंगात इतका मुरला आहे की खरा नकार ओळखण्याचे साधनच आपल्याकडे नाही. "एक दाणा खाल्ल्याने काय होते?" "देवाचा प्रसाद आहे, प्रसाद कधी बाधतो का?" "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं." या तिसऱ्या वाक्यावर आम्ही बराच विचार केला. त्या वेळी खरेच नव्हती काय? वावडे पूर्वीपेक्षा वाढले आहे असे जगभरचे डॉक्टर सांगतात, ते खोटे म्हणवत नाही. पण त्या वेळी पाच वर्षांचे मूल संध्याकाळी सणाहून परतून रात्री गेले, तर 'दृष्ट लागली', 'बाहेरचे झाले', 'घटसर्प झाला असेल' असेच म्हणत. आपल्या जुन्या घराण्यांच्या वंशावळींत 'बालपणी वारला' अशा नोंदींच्या रांगा आहेत. त्यांतील प्रत्येकाचे कारण कोणी तपासले?

गंमत अशी, की न खाणाऱ्यांचा मान राखायचे आपल्याला माहीत नाही असे मुळीच नाही. चातुर्मासात कोणी वांगे सोडते, कोणी कांदा-लसूण. ते लागण्याआधी कांदेनवमी साजरी करून आपण त्या सोडण्याचाही सण करून टाकला आहे. काशीस जाऊन आलेली आजी एखादे आवडते फळ तेथे सोडून येते, आणि मग त्या घरात तिच्या पानात ते फळ चुकूनही जात नाही. नातसुनांनाही ते पाठ असते. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीत हळद पडली तर सबंध पातेले बाजूला होते. सोवळ्याच्या दिवसांत तर स्पर्शाचाही विचार होता: हे भांडे त्या भांड्याला लागले, हा चमचा त्यात गेला. वावडे असलेल्या मुलासाठी जी काळजी घ्यावी लागते ती तंतोतंत हीच आहे. वेगळे भांडे, वेगळा झारा, आधी तिचे पान, मग इतरांचे. आपल्या आज्यांना हे कोणी शिकवावे लागले नसते. फक्त त्या काळजीमागे देव असला की ती निष्ठा ठरते आणि डॉक्टर असला की नखरा ठरते.

हे ओळखूनच एका स्नेही काकूंनी आम्हांला युक्ती सुचवली. "सरळ सांगा ना, पोरीच्या नावाने तिळाचा नवस बोललाय म्हणून. कोणी हूं की चूं करणार नाही." युक्ती अचूक होती आणि मोह मोठा होता. आम्ही दोन दिवस त्यावर बोललो. शेवटी ती घेतली नाही, आणि त्याचे कारण खरे बोलण्याचा अभिमान हे नव्हते. नवस हेतूने पाळला जातो. नकळत दाणा पोटात गेला तर देव क्षमा करतो, तिथी पाहून उद्यापन करता येते, फारच झाले तर प्रायश्चित्त आहे. ज्या घरी नवस सांगितला, त्या घरी तिळाच्या वड्या थापलेल्याच ताटात नातीला बर्फी मिळाली असती आणि यजमानीणबाईंच्या मनाला ते खटकलेही नसते. नवस तर तीळ 'खाण्याचा' होता. शरीराचा कायदा वेगळा आहे. तेथे उद्यापन नाही. म्हणून आम्ही जे आहे तेच सांगतो, आणि कानाला खडखडीत वाटले तरी शेवटपर्यंत सांगतो: "तीळ पोटात गेले तर तिचा श्वास बंद होतो." वावडे, ॲलर्जी, पथ्य हे तिन्ही शब्द आम्ही टाकून दिले आहेत.

तीळ कोठे कोठे असतात हे कळायला आम्हांला एक वर्ष लागले. वड्या-लाडू तर उघड आहेत. बहुतेक घरांच्या गोड्या मसाल्यात तीळ भाजून घातलेले असतात. म्हणजे मसालेभात, आमटी, भरली वांगी ही सारी संशयित. चकलीत तीळ, कित्येक घरांच्या करंजीच्या सारणात तीळ, बाजारच्या पावावर नि खारीवर तीळ. रेवडी आणि मुरैन्याची गजक हिवाळाभर प्रत्येक दुकानात. दिवाळीच्या अभ्यंगाचे तेल तिळाचे. घाण्यावरच्या कच्च्या तेलात तिळाची प्रथिने उतरतात, तेव्हा आमच्याकडे ते खोबरेलावर आले. अख्ख्या तिळापेक्षा कुटलेला तीळ अधिक घातक, कारण अख्खा दाणा पुष्कळदा न फुटताच पोटातून निघून जातो. हलव्याच्या काटेरी दाण्याच्या पोटातही तीळच असतो, हे किती जणांच्या ध्यानात असते? साबुदाण्यावर केलेलाही हलवा मिळतो. तिच्या धाकट्या भावाचे बोरन्हाण आम्ही तसा हलवा, बोरे, उसाचे करवे आणि चुरमुरे यांवर केले. लूट करताना ती सर्वांत पुढे होती.

कायद्याची मदत थोडी आहे. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली वेष्टनावर ज्या पदार्थांची वेगळी सूचना देणे बंधनकारक केले, त्यांत दूध, अंडी, मासे, भुईमूग, सोयाबीन आहेत, तीळ नव्हते. तीळ ज्या देशाच्या देवघरापासून श्राद्धापर्यंत आहे तेथे हे घडावे, याचे नवल वाटते. युरोपाने २००३ मध्ये आणि अमेरिकेने २०२१ च्या कायद्याने तीळ यादीत घेतले. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तो नियम लागू झाला तेव्हा काही पाव-उत्पादकांनी यंत्रे तीळमुक्त ठेवण्याच्या खर्चातून सुटण्यासाठी पावात मुद्दाम तीळ घालून तसे छापून टाकले. माणसाची बुद्धी सर्वत्र सारखीच चालते, एवढे समाधान. आमच्या समारंभांतल्या ताटांवर मात्र वेष्टन नसतेच, तेव्हा विचारणे आले.

विचारण्याची रीत आम्ही चुकत-माकत नव्हे, तर पुष्कळशी आमच्या सुनेच्या हुशारीने बसवली. ती आमंत्रण आले की दोन दिवस आधी दूरध्वनी करते; ऐन पंगतीत यजमानीणबाईंची परीक्षा घेत नाही. विचारताना "तीळ आहेत का?" असे न विचारता "मसाला घरचा की आचाऱ्याचा, मिक्सर एकच का?" असे विचारते, कारण पहिल्या प्रश्नाला सगळेच नाही म्हणतात. नात घरून जेवून निघते. आपला डबा घेऊन दुसऱ्याच्या घरी जाणे आम्हांला सुरुवातीस फार लागले. तो यजमानांचा अपमान वाटे. मग सुनेने एकीचा डबा नेण्याऐवजी वीस जणांना पुरतील एवढे चुरमुऱ्यांचे गूळ घातलेले लाडू न्यायला सुरुवात केली. आपला जिल्हा भाताचा, चुरमुऱ्यांना तोटा नाही. नात ते लाडू स्वतः वाटते, आणि हातावर घेण्याऐवजी हातावर ठेवण्याचा मान तिच्याकडे येतो. पहिल्या वर्षी लोकांनी ते कौतुक म्हणून घेतले. आता काही घरी त्यांची वाट पाहतात.

पिशवीत एक छोटी पेटी असते. स्वतःच्या हाताने टोचायचे तयार पेन परदेशी सर्रास मिळते. आमच्या गावी ते सहज मिळत नाही. डॉक्टरांनी ॲड्रेनॅलिनच्या कुपी, सुया, मात्रा लिहिलेला कागद दिला आणि संत्र्यावर टोचून शिकवले. सत्तरीच्या हातांना कुपीची मान मोडायला धीर लागतो. नुसत्या खाजेच्या गोळीवर विसंबू नका, ती श्वास उघडत नाही, आणि इंजेक्शन दिले तरी दवाखान्यात जाच, हे त्यांनी दोनदा बजावले.

सर्वच घरे जिंकली असे नाही. एका घराशी आमचा तीन पिढ्यांचा घरोबा होता. त्यांच्या हळदीकुंकवाला आम्ही विचारपूस केली, तेव्हा "आमच्याकडच्या खाण्याने कोणी मेलेले नाही" असे उत्तर आले. त्यानंतर आमंत्रण आले नाही. लग्नाच्या पत्रिका येतात, समोरासमोर भेटलो की बोलणे गोडच होते, पण संक्रांतीचा तेवढा उंबरठा बंद झाला. आम्ही समजूत घालण्याचा प्रयत्न दोनदा केला. त्या बाईंच्या जागी बसून पाहिले तर त्यांचे दुःखही समजते: आयुष्यभर ज्या हाताची तारीफ झाली, त्या हाताला विष म्हटल्यासारखे त्यांना वाटले.

उलट, आमसूल भिजवणाऱ्या त्याच आजींनी पुढच्या संक्रांतीला निरोप पाठवला की पोरीला चार वाजता आणा, बाकीच्यांना साडेपाचला बोलावले आहे. आम्ही गेलो तेव्हा घरात तिळाचा मागमूस नव्हता. ताट, पाट, सतरंजी धुतलेली. त्यांनी नातीला चिन्नोर तांदळाची खीर दिली. त्या तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आता तो मोठ्या गावांतूनही नावाजला जातो. पण आजींच्या घरी तो पहिल्यापासूनच देवाच्या नैवेद्याचा. खीर देताना त्यांनी नातीला गोड बोलायला सांगितले, आणि आम्हांला म्हणाल्या, "सोवळ्यातलं आहे हो, खुशाल खाऊ द्या." जन्मभर पाळलेले सोवळे या कामी येईल असे त्यांना तरी कोठे ठाऊक होते. त्या गेल्याला आता दोन वर्षे झाली. त्यांची सून चार वाजताची ती वेळ अजून पाळते.

नात आता अकरा वर्षांची आहे. आपले आपण सांगते. कोणी वडी पुढे केली तर दोन पावले मागे सरून, हात पाठीशी बांधून, "काकू, मला तिळानं श्वास लागतो, तुम्ही हात धुतलेत की मी नमस्काराला येते," असे म्हणते. काहींना ते उद्धट वाटते. वाटो. तिळाचे वावडे काही थोड्या मुलांत वयाबरोबर उतरते असे डॉक्टर म्हणतात. रुग्णालयात, त्यांच्या देखरेखीखाली, कणाकणाने मात्रा चढवण्याचे उपचारही मोठ्या शहरांत होऊ लागले आहेत. तिची तपासणी दोन वर्षांपूर्वी झाली होती, तेव्हा आकडा पहिल्याहून थोडा उतरलेला होता. येत्या रथसप्तमीनंतर पुन्हा गोंदियामार्गे नागपूरला जायचे आहे. तिने आताच विचारून ठेवले आहे, की आकडा आणखी उतरला तर गुळाच्या पोळीत तीळ घालणार का. सुनेने अजून उत्तर दिलेले नाही.